कोपरे फाडणारे हात

कोठार विकायची गोष्ट काढायला नॉर्बर्टने मुद्दाम कर्मिसचा रविवार निवडला, कारण त्या दिवशी मसार्टांच्या घरातून कुणालाच रागावून निघून जाता येत नाही. सुगी संपल्याचा सण. अंगणात पहाटेपासून बूयाचा, म्हणजे कोंबडी-भाज्यांच्या दाट रश्श्याचा, हंडा रटरटत असतो, ओव्हनमध्ये आलुबुखाराच्या पाई असतात, आणि संध्याकाळी अर्धा गाव जेवायला येणार असतो. दार आपटून गेलं, तरी हंडा ढवळायला परत यावंच लागतं.

त्याच्या बहिणीला, लिओनाला, हे सगळं पाई कापता कापता कळलं. खरं तर धाकटी बहीण जर्मेन ग्रीन बेहून आली आणि टेबलावर केक ठेवून खिडकीबाहेर बघायला लागली, तेव्हाच कळायला हवं होतं. जर्मेन नजर चुकवते ती दोनच वेळा. केक विकतचा असतो तेव्हा, आणि फोनवर आधीच काहीतरी ठरलेलं असतं तेव्हा. आज दोन्ही होतं.

"शिकागोचा माणूस आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "चार वाजता येतोय बघायला. कोठार आणि खाडीपर्यंतची पट्टी. उन्हाळ्यात येणाऱ्या लोकांसाठी खोल्या काढणार म्हणतो. लाल रंग तसाच ठेवणार आहे."

"रंग ठेवणार? वा! म्हणजे उपकारच झाले."

"टोमणे मारायला कर्मिसचाच मुहूर्त मिळाला का तुला?"

"मुहूर्त तू काढलास. मी नुसती पाई कापतेय."

नॉर्बर्टची बायको रोझली ओव्हनपाशी उभी होती. तिने हातमोजे चढवले, आणखी एक पाई बाहेर काढली, आणि ती नवऱ्याच्या आणि नणंदेच्या बरोबर मध्ये ठेवली. तीस-एक वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती, की भांडणाच्या मध्ये आपण उभं राहायचं नाही, काहीतरी गरम ठेवायचं.

खिडकीजवळच्या खुर्चीत ओडील बसली होती, तिघांची आई. डोळ्यांनी आता तिला माणसांच्या कडाच दिसत, मधला भाग धुरकट. त्यामुळे ती कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत नसे आणि तिच्यापासून काहीच लपत नसे.

"कोठारावर तिघांची नावं आहेत," ती म्हणाली. "तिघांनी सही केली तर विकलं जाईल. नाहीतर नाही. आता पाई वाढा."

तिढा तिथेच होता. नॉर्बर्टची सही तयार होती. जर्मेन फोनवर हो म्हणून बसली होती. राहिली लिओना, जिचं सगळं आयुष्य त्या कोठारात पोत्यांच्या आड गेलं होतं. तीन जिल्ह्यांतले कॉन्व्हेंट, शाळा, पॅरिश वापरलेल्या पाकिटांचे टपालाच्या तिकिटाचे कोपरे फाडून साठवायचे. ते कोपरे मसार्ट वजनावर, पौंडाच्या भावाने विकत घ्यायचे; काही जण पाकिटंच पोत्यात भरून द्यायचे, ती घरी टेबलावर फाडायची. मग हिवाळाभर कोमट पाण्यात भिजवायचे, कागदापासून सुटलेली तिकिटं वर्तमानपत्रांवर वाळवायची, आणि बायका डाळ निवडतात तशी निवडायची. सामान्य माल परत पौंडावर विकायचा आणि चांगली तिकिटं पाकिटं भरून जगभर छंदी माणसांना पाठवायची. बाप देझिरे मसार्टने हा धंदा गाईंच्या जोडीला सुरू केला. गाई गेल्या. धंदा लिओनाकडे राहिला.

आता तो पूर्वीसारखा चालत नव्हता, हे तिलाही कळत होतं. पत्रं लिहितंय कोण? आणि लिहिली तरी ती नवी स्वतःच चिकटणारी तिकिटं. पाण्यात तासभर बुडवा, ढिम्म हलत नाहीत. तिने एकदा रोझलीला सांगितलं होतं, ही तिकिटं अगदी नॉर्बर्टसारखी आहेत. रोझली इतकी हसली होती की तिला खाली बसावं लागलं होतं.

"जागाच जागा पडलीये तिथे," नॉर्बर्ट म्हणाला. "वरच्या माळ्यावर पूर्वी श्वास घ्यायला जागा नसायची. आता माझा आवाज घुमतो."

"तुझा आवाज चर्चमध्येही घुमतो."

तेवढ्यात बाहेर पॅरिशची गाडी थांबली आणि सिस्टर युलाली उतरल्या. दरवर्षी त्या कर्मिसच्या दिवशी कॉन्व्हेंटची वर्षभराची जमा घेऊन यायच्या, हंड्यावर प्रार्थना म्हणायच्या आणि भरपूर जेवून जायच्या. या वेळी ड्रायव्हरने ती केळ्यांच्या दोन जुन्या खोक्यांतून आत आणून ठेवली. नेहमी असायची तशी शिवलेली पोती नव्हती.

"बोटं चालत नाहीत गं आता कुणाचीच," सिस्टर म्हणाल्या. त्यांची स्वतःची बोटं आल्याच्या तुकड्यांसारखी वाकडी झाली होती. "म्हणून फाडलं नाहीये काही. माळ्यावर होतं ते जसंच्या तसं आणलंय, गाडीत मावलं तेवढं. आमचं आता आवरणं चाललंय ना. पुढच्या महिन्यात त्या शुश्रूषागृहात. लिओना, ऐकतेयस ना?"

"हो सिस्टर," लिओना म्हणाली. ती ऐकत नव्हती. तिचे कान नॉर्बर्टच्या "बघ, हे शेवटचंच" या वाक्याला जाऊन चिकटले होते.

"बूयाचा काय वास सुटलाय!" म्हणत सिस्टर बाहेर हंड्याकडे गेल्या.

"मी काय म्हणत होतो?" नॉर्बर्ट म्हणाला. "कॉन्व्हेंटसुद्धा बंद होतंय. सिस्टर संपल्या, माल संपला. तू काय एकटी बसून उरलेली डिंकाची बाटली हुंगणार आहेस?"

लिओनाने दोन्ही खोकी टेबलाच्या मेणकापडावर उपडी केली. पाकिटांचा ढीग घसरत पाईपर्यंत आला. तिने हाताच्या चार फटक्यांत त्याचे वाटे केले. एक आपल्यापुढे, एक जर्मेनपुढे, एक रोझलीपुढे, एक नॉर्बर्टपुढे.

यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. त्या टेबलाचा तो कायदाच होता. तोंड चालणार असेल तर हातही चालले पाहिजेत. याच टेबलावर कोपरे फाडता फाडता लग्नं ठरली होती, गाई विकल्या होत्या, आणि पा, म्हणजे वडील, शेवटचे आजारी पडले तेव्हा कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं यावर चार पोती संपली होती. अंगठा आणि दोन बोटं. तिकिटाच्या चारी बाजूंना बोटभर कागद ठेवायचा, तिकिटाच्या कडेच्या दातांना धक्का लागू द्यायचा नाही, आणि मसार्टांची खरी शान म्हणजे न बघता फाडायचं. पोरी लहान असताना पा त्यांच्या डोळ्यांना फडकं बांधून परीक्षा घ्यायचे. लिओना कधीच हरली नव्हती.

"आता बोल," ती नॉर्बर्टकडे रोखून बघत म्हणाली. चर्र. पहिला कोपरा. "शिकागोच्या माणसाला पाणी कुठून देणार? विहिरीचं?"

"नळ टाकेल तो. त्याच्याकडे पैसे आहेत."

चर्र.

"आणि माझी वर्तमानपत्रं, माझे ट्रे, माझी कपाटं?"

"माझ्याकडे ये ना," जर्मेन पटकन म्हणाली. तिचेही हात चालू झाले होते. इतक्या वर्षांनीही कागद अलगद सुटत होता आणि तिच्या तोंडावर अपराधीपणाच्या मधून एक जुनं, शाळकरी समाधान उमटत होतं. "मागची खोली आहे. उबदार आहे. लिओ, तू त्या कोठारात जानेवारीत दोन कोट घालून बसतेस. मी रोज संध्याकाळी फोन करते ते काय हवापाण्यासाठी? तू उचलतेस की नाही ते बघायला करते. एखाद्या दिवशी पोत्याखाली गाडली गेलीस तर आम्हाला बर्फ वितळल्यावर कळेल."

"मग तेव्हा विका."

"मस्करी नको गं!"

"मी कुठे मस्करी करतेय? मी मरायला वेळ लावणार नाही म्हणते."

"पोरींनो," ओडील म्हणाली, "सणाच्या दिवशी मरू नका. पाई वाया जाते."

रोझलीचे हात सगळ्यांत सावकाश चालत होते, पण चालत होते. उरलेली पाकिटं ती टोपलीत टाकत होती, आणि टोपली भरली तशी ती उठून हंड्याखालच्या जाळात रिकामी करून आली. कागद चांगला पेटला. सिस्टर युलाली जाळाशी हात शेकत होत्या आणि म्हणाल्या, वा.

आत नॉर्बर्ट एक पाकीट टेबलावर आपटून मुद्दे मांडत होता. "पहिलं, छप्पर. दुसरं, कर. तिसरं, तू साठीला आलीस."

"सत्तावन्न."

"तेच ते."

"तुला ते कोठार कधी आवडलंच नाही, नॉर्बर्ट. खरं सांग. छप्पर नि कर काढू नकोस. लहान होतास तेव्हापासून तू तिथे पाय टाकायचास ते तोंड वाकडं करूनच."

नॉर्बर्ट हातातली पाकिटं पत्त्यांच्या कॅटसारखी सरळ करत राहिला. कडा जुळवायच्या, टेबलावर ठोकायच्या, परत जुळवायच्या.

ओडीलने सवयीने हात पुढे केला आणि लिओनाच्या ढिगातला एक कोपरा उचलला. दिसत नसल्यापासून ती असंच करायची. मुलींचं फाडणं बोटांनी तपासायची. नखाने तिकिटाचे दात चाचपायचे आणि म्हणायचं, ठीक. आज ती ठीक म्हणाली नाही. तिने कोपरा गालाला लावला. मग कानाशी धरून बोटांत चुरडला.

"हा कागद कुणाचा?"

"कॉन्व्हेंटचा, मा."

"कॉन्व्हेंटला असा कागद येत नाही. हा कांद्याच्या पापुद्र्यासारखा आहे. लेओनी." आई पूर्ण नाव घेते तेव्हा लिओनाला आजही शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. "चष्मा लाव."

लिओनाने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.

तपकिरी तिकीट. नदी, काठावर ताडाची झाडं, खाली काँगो. तिकिटावर गोल शिक्क्याचा अर्धा तुकडा. दुसऱ्या अर्ध्यासाठी तिने टोपलीत हात घातला. तिथे पातळ, पिवळी, सुबक हस्ताक्षरातली पाकिटं होती, पत्ता मदर सुपीरियर, विस्कॉन्सिन, आणि प्रत्येकाचा वरचा उजवा कोपरा गेलेला. काँगोतल्या मिशनमध्ये गेलेल्या सिस्टरांनी सत्तर-एक वर्षांपूर्वी घरी पाठवलेली पाकिटं. आतली पत्रं कधीच काढून दुसरीकडे ठेवलेली. ज्या गावांचे शिक्के होते त्यांतली निम्मी गावं तिने जाड कॅटलॉगमध्ये फक्त वाचली होती.

तिने हातातला कोपरा एका पाकिटाच्या फाटलेल्या कडेला लावून बघितला.

"काय झालं?" जर्मेन म्हणाली. "लिओ? काय झालं?"

"थांबा," लिओना म्हणाली. "सगळ्यांनी हात थांबवा."

सगळ्यांनी हात वर केले, दरोडा पडल्यासारखे.

"ही फाडायची नव्हती. ही अख्खी ठेवायची असतात. पत्ता, शिक्का, वाटेतले शिक्के, सगळं एकत्र असतं म्हणून तर माणसं घेतात. असलं अख्खं पाकीट मला आयुष्यात दोनदा मिळालं. कोपरा फाडला की..." तिने हातातला कोपरा टेबलावर ठेवला. "कोपऱ्यात काय, एक कप कॉफी येईल."

रोझली हळूच खुर्चीवर टेकली. "एक टोपली मी हंड्याखाली घातली," ती म्हणाली.

बाहेर सिस्टर कुणाला तरी सांगत होत्या, की यंदा जाळ छान लागलाय.

लिओना आपल्यापुढच्या ढिगाकडे बघत होती. सगळ्यांत मोठा ढीग तिचाच होता. बोटभर कागद, दातांना धक्का नाही, एकही चूक नाही. पांना अभिमान वाटला असता. ज्या धंद्यातलं फक्त मला कळतं म्हणून ती भावाबहिणीशी भांडत होती, त्या धंद्यात आजवर हाती आलेला सगळ्यांत चांगला माल तिने न बघता, भांडता भांडता, स्वतःच्या हातांनी संपवला होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"दे ते विक्रीचे कागद, नॉर्बर्ट," ती म्हणाली. "कुठे करायची सही?"

"लिओ!" जर्मेन म्हणाली.

"नाही, त्याचं बरोबर आहे. मी म्हातारी झाले. पूर्वी मला नुसत्या वासावरून..." तिने चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला, कारण सगळं स्पष्ट दिसणं तिला नको झालं होतं.

नॉर्बर्ट खुर्चीत चुळबुळला. मग हातातली चळत त्याने तिच्यासमोर सरकवली. सगळ्या कडा सारख्या. सगळे कोपरे जागेवर.

लिओना बघतच राहिली. तिने वरचं पाकीट उचललं. मग खालचं. मग मधून एक उपसलं. अख्खं. अख्खं. अख्खं.

"तू फाडलं नाहीस?"

"नाही."

"एकही?"

"पा म्हणाले होते, हात लावू नकोस." नॉर्बर्टने खांदे उडवले, पण ते नीट उडाले नाहीत. "मी सातवीत होतो. मी एका पोत्याचे कोपरे फाडले आणि सगळ्या तिकिटांचे दात गेले. पा म्हणाले, तुझे हात पोती उचलायला, टेबलाला हात लावू नकोस. मग मी नाही लावला."

"पण तू दर वेळी आमच्यासोबत बसतोस! ढीग घेतोस पुढे!"

"ढीग घेतो. सरळ करून देतो. तुम्ही बोलत असता, कोण बघतंय?"

लिओनाला एकामागून एक शेकडो संध्याकाळी आठवल्या. टेबलाच्या त्या टोकाला नेहमी एक नीट ठोकलेली चळत असायची, आणि लिओना न विचारता ती आपल्याकडे ओढून फाडून टाकायची. तिला वाटायचं, आळशी. घरभर सगळ्यांना वाटायचं, आळशी. तुला कोठार कधी आवडलंच नाही असं तिने आत्ताच त्याला सुनावलं होतं, आणि त्याचं कारण चाळीस वर्षं टेबलावर चौकोनी करून ठेवलेलं होतं.

"देझिरे," ओडील कुणाकडेच न बघता म्हणाली, "फार चांगला माणूस होता. आणि गाढव होता."

मेलेल्या नवऱ्याला ती असं पहिल्यांदाच म्हणत होती. जर्मेनला हसू फुटलं, मग रोझलीला, आणि मग नॉर्बर्टला, जो हसताना डोळे पुसतो. अर्थात तो ते घामाचं निमित्त काढूनच पुसतो.

"आयुष्यभर मी याला कामचोर म्हणत आले," रोझली म्हणाली. "तो आज्ञाधारक होता म्हणे!"

त्या हसण्यावर सिस्टर युलाली आत आल्या. "काय झालं? मलाही सांगा."

लिओना उठून उभी राहिली. टेबलाखालून रोझलीने तिच्या नडगीवर हलकीच लाथ मारली. नॉर्बर्टनेही डोळ्यांनी खुणावलं. त्या खुणेचा अर्थ घरातल्या पोरांनाही कळला असता. माल पौंडावर घेतलाय, पोत्यात जे निघेल ते घेणाऱ्याचं नशीब, धंद्याचा नियमच आहे. नियम खरा होता. पांनीही पाळला असता.

"सिस्टर," लिओना म्हणाली, "तुम्ही जी पाकिटं आणलीत ती कोपऱ्यांच्या भावात घेण्यासारखी नव्हती. ती खूप चांगली होती. आणि मी ती फाडली. थोडी तुमच्यासमोर हंड्याखाली जळतायत. ही एवढी राहिली, नॉर्बर्टमुळे. ती तुमची आहेत. मी विकून देते, सगळे पैसे तुमचे."

सिस्टरांनी पाकीट हातात घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. "सिस्टर क्लोतिल्दचं अक्षर," त्या म्हणाल्या. "मी नवी होते तेव्हा ती परत आली होती. मला फ्रेंचमधून शिव्या शिकवल्या तिने. सौम्य." मग त्यांनी ते पाकीट नॉर्बर्टच्या चळतीवर, कडा जुळवून, परत ठेवलं. "आणि मी त्या जाळावर हात शेकले! चांगली ऊब आली, हे मात्र खरं. अगं, पण मग बाकीच्या पेट्यांचं काय करायचं?"

"कुठल्या पेट्या?"

"मी मघाशी सांगत होते ना तुला! ही वरवरची दोन खोकी भरली, गाडीत मावली तेवढी. खाली लाकडी पेट्या आहेत. काँगोच्या, फिलिपीन्सच्या, अजून कुठकुठच्या. मला वाटलं, फाडायला माणसं नाहीत तर कशाला ठेवायच्या. उद्या सकाळी सफाईवाले येऊन माळा रिकामा करणार आहेत."

स्वयंपाकघरात सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. ट्रक एकट्या नॉर्बर्टकडे होता.

नॉर्बर्टने घड्याळाकडे बघितलं. मग रेडिओकडे, जिथे पॅकर्सची फुटबॉलची मॅच अजून सुरूही झाली नव्हती. मग खिडकीतून कोठाराकडे. "चार वाजता तो माणूस येतोय," तो म्हणाला. पण हे तो आता कुणाला पटवायला म्हणत नव्हता. स्वतःलाच आठवण करून देत होता.

"मी थांबते," जर्मेन म्हणाली. "मी बोलते त्याच्याशी. केक खायला घालते. माझा केक खाऊन कुणी दुसऱ्यांदा येत नाही."

"तू हो म्हणाली होतीस," नॉर्बर्ट म्हणाला.

"मी लिओला गारठ्यातून बाहेर काढायला हो म्हणाले होते. कोठार विकायला नाही. त्यात एक शेगडी बसवलीस तर मी तो फोन रोज संध्याकाळी कशाला करीन?"

"म्हणजे शेगडीही मीच बसवायची."

"मग काय, मी?"

भीक मागायला लिओनाला येत नव्हतं, आणि फाडलेल्या ढिगापाशी उभं राहून हक्क सांगायची तिला लाज वाटत होती. शेवटी ती म्हणाली, "मला तिथे एकटीला सोडू नकोस. पेट्या तू उघड. तू हाताळ. माझ्या हातांचा भरवसा नाही, ते मला विचारत नाहीत."

नॉर्बर्टने खुंटीवरची टोपी काढली.

"मा, तू येतेस?"

"मी येऊन काय बघणार?"

"बघू नकोस. वास घे."

"मग येते," ओडील म्हणाली, आणि काठी शोधायला लागली.

ते ट्रकमध्ये बसेपर्यंत रोझली धावत आली आणि खिडकीतून तिने लिओनाच्या मांडीवर काहीतरी टाकलं. ओव्हनचे हातमोजे, जाड, रजईसारखे, एकावर कोंबडा आणि दुसऱ्यावर जळका डाग.

"चढव," ती म्हणाली. "सवय जाईपर्यंत काढायचे नाहीत."

कॉन्व्हेंटचा माळा खाडीच्या पलीकडे, तीन जिने वर होता. पॅरिशच्या गाडीतून आलेल्या सिस्टरांनी खालून किल्ली दिली आणि त्या ओडीलला घेऊन हळूहळू येत राहिल्या. दोन म्हाताऱ्या एकमेकींना आधार देत होत्या, आणि कोण कुणाला धरतंय ते सांगणं कठीण होतं. वर छपराच्या छोट्या खिडकीतून दुपारचं ऊन पेट्यांवर पडलं होतं. पेट्या भिंतीपासून भिंतीपर्यंत होत्या. लिओनाने मोजायचं टाळलं. मोजलं की दृष्ट लागते असं तिला वाटलं.

नॉर्बर्टने पहिल्या पेटीचं झाकण उचकटलं आणि हात पँटला पुसले. आत पाकिटांचे गठ्ठे होते, दोऱ्याने बांधलेले. त्याने एक गठ्ठा उचलला, पण पूर्वी पोतं उचलायचा तसा नाही. पाळण्यातून काहीतरी उचलावं तसा. दोरा सोडला. वरचं पाकीट दोन बोटांनी कडेला धरलं.

"असं?"

"असंच," लिओना म्हणाली. हातमोज्यांत तिचे अंगठे वळवळत होते. तिने हात पाठीमागे घेतले.

"हे काय आहे, पक्षी?"

"पोपट असेल. चष्मा कपाळावर आहे, आणि या मोज्यांनी तो खाली येत नाही."

नॉर्बर्टने हात लांब करून तिचा चष्मा नाकावर आणून दिला. पोपट होता. हिरवा, अख्खा, आणि त्याच्या शेपटीवर एक पूर्ण गोल शिक्का, इतका स्वच्छ की महिन्याचं नावसुद्धा वाचता येत होतं. ती बघत राहिली, आणि तोही बघत राहिला. तो काय बघावं ते न कळणाऱ्या माणसासारखा बघत होता, पण हलत नव्हता.

"याला किती येतील?" त्याने विचारलं. मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "आणि हे आपण विकायचंच का लगेच?"

लिओनाला हसू आलं. या धंद्यात माणूस बुडतो तो पहिल्यांदा याच प्रश्नाने. पांचंही असंच झालं असणार.

आई दारात येऊन उभी होती. तिने मान वर करून हवा हुंगली आणि समाधानाने मान हलवली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर फोन वाजला. सिस्टरांनी खाली जाऊन तो उचलला आणि त्या जिन्यातूनच ओरडल्या, "नॉर्बर्ट! तुझी बहीण आहे. म्हणते, शिकागोचे ते गृहस्थ आलेत. केक खाऊनही बसलेत. त्यांना काय सांगू?"

नॉर्बर्टने हातातला गठ्ठा गुडघ्यावर ठोकला, कडा जुळवल्या, पुन्हा एकदा ठोकला. मग भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या पेट्यांवरून नजर फिरवली, जशी पूर्वी तो ट्रकमध्ये किती गाई मावतील याचा हिशेब करताना फिरवायचा.

"सांगा त्यांना," तो जिन्याकडे तोंड करून ओरडला, आणि त्याचा आवाज माळ्यावर जराही घुमला नाही, "कोठारात जागा नाही म्हणावं."